निबंधवाल्या बाईंचा स्वतःचा निबंध

त्या घराचा जिना अरुंद आहे. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जाड मुलं घामाघूम होतात आणि बारीक मुलं घाबरीघुबरी. दार उघडंच असतं. आत एक लांब टेबल, त्यावर मेणकापड, मेणकापडावर वाटाण्याच्या शेंगांचा ढीग आणि प्रत्येक खुर्चीपुढे एक स्टीलची वाटी नि एक चमचा. आपण निबंध शिकायला आलोय की स्वयंपाकाला, असा प्रश्न नव्या मुलाला पडतो.

"दोन्हीला," असं उत्तर मिळतं. "बस. शेंगा ओढ पुढे."

उत्तर देणाऱ्या बाई एका शाळेच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. मुलांचे कॉलेजकडे जाणारे अर्ज, दाखले, शिफारसपत्रं त्यांच्याच हातून जात. पाकीट बंद करणं एवढंच त्यांचं काम, पण बंद करण्याआधी त्या आत डोकावू लागल्या. कॉलेजं अर्जासोबत मुलाने लिहिलेला पानभर निबंध मागतात: तू कोण, तुला हेच का शिकायचंय? एका मुलाने लिहिलं होतं, 'लहानपणापासून मला समाजसेवेची तळमळ आहे.' बाईंनी त्याला खिडकीशी बोलावलं.

"लहानपणापासून म्हणजे कधीपासून रे? परवा शिपायाच्या सायकलची हवा सोडलीस, ती या तळमळीच्या आधी की नंतर?"

मुलगा लाजला. मग खिडकीशी उभ्या उभ्या त्याने खरं काय ते सांगितलं. त्याला व्हॉल्व्ह आतून कसा असतो ते बघायचं होतं. शिपायाने आधी दोन लगावल्या आणि नंतर खाली बसून व्हॉल्व्ह उघडून दाखवला. बाई म्हणाल्या, "हे लिही." त्याने लिहिलं आणि त्याला हव्या त्या ठिकाणी इंजिनिअरिंगला जागा मिळाली. प्रवेश मुख्याध्यापकांच्या सहीने नाही, टायपिस्टबाईंच्या खिडकीतून मिळतो, असा शाळाभर बोभाटा झाला. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पोरं सुटली नाहीत. ती घरी येऊ लागली.

घरची पद्धत ठरलेली आहे. पहिल्या दिवशी कोणी पेन काढायचं नाही. "हात रिकामे असले की पोरं पेन धरतात, आणि पेन धरलं की खोटं बोलतात," असं बाईंचं मत. म्हणून शेंगा. शेंगांचा मोसम नसेल तेव्हा लोकरीचे गुंडे. सोलता सोलता मुलाने बोलायचं आणि बाईंनी एकच प्रश्न विचारायचा: "मग काय झालं?" मूल जे बोललं ते दुसऱ्या दिवशी लिहून आणायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. जगातल्या कुठल्याही मुलाने लिहिलं असतं असं वाक्य आलं की ऐकणाऱ्याने वाटीवर चमचा वाजवायचा. वाक्य गेलं. एकही चमचा न वाजता निबंध शेवटापर्यंत पोचल्याशिवाय तो घराबाहेर जात नाही. एका डॉक्टरच्या मुलाच्या पहिल्या वाचनाला इतके चमचे वाजले, की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला. बँड बसवताय का, म्हणून विचारायला.

घरात आणखी एक व्यक्ती आहे, बाईंची थोरली बहीण. ती हॉस्पिटलात हेड नर्स होती आणि अजूनही आहे, फक्त वॉर्ड बदललाय. मुलं तिला मावशी म्हणतात आणि तिच्यासमोर शिंकताना तोंडावर रुमाल धरतात. दोघींनीही लग्न केलं नाही. कारण विचारलं तर थोरली धाकटीकडे बोट दाखवते, धाकटी थोरलीकडे.

यंदाच्या मुलांमध्ये दोघं खास आहेत. एक मुलगी, जिला बाई 'वकील' म्हणतात, कारण ती नमस्काराचंही कारण विचारते. दुसरा 'पुटपुट्या'. तो बोलतो खूप, पण सगळं स्वतःच्या कॉलरशी.

एका शनिवारी दुपारी मुलांची वाचनं झाल्यावर बाईंनी पदराआडून एक कागद काढला.

"आता शेवटचा निबंध. माझा."

वकील आधी हसली. बाई हसत नाहीत हे बघून थांबली. "म्हणजे? तुमचा कसला?"

"अर्ज करतेय. भूगर्भशास्त्राला. आपल्याच कॉलेजात मोठ्या वयाच्यांसाठी दोन जागा ठेवल्यात. बुधवारी दुपारी मुदत संपते. आणि टेबलावर वाचल्याशिवाय निबंध या घरातून जात नाही, हा नियम मीच केलाय. झक मारली नि केला."

ज्या बाईंनी शेकडो पोरांना कॉलेजात धाडलं, त्या स्वतः कॉलेजच्या फाटकातून कधी आत गेल्या नव्हत्या. शाळेनंतर टायपिंगची परीक्षा आणि थेट नोकरी. मुलांना हे माहीत नव्हतं. कळल्यावर त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढा वेळ कोणाकडे नव्हता. सगळ्यांनी आपापले चमचे उचलले. असा दिवस पुन्हा येणार नाही हे त्यांच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं.

बाईंनी चष्मा लावला. घसा साफ केला.

"'सदर विद्यार्थिनीला मी अनेक वर्षांपासून जवळून ओळखते. ती कष्टाळू, वक्तशीर व मनमिळाऊ असून...'"

चमचा कोणी वाजवला नाही.

"बाई," वकील हळूच म्हणाली, "हे शिफारसपत्र आहे."

"कळतंय मला."

"तुम्ही स्वतःचीच शिफारस केलीत?"

"अगं, जन्मभर हेच टाइप केलंय. बोटांना दुसरं येतच नाही. बसले की 'सदर' उमटतं."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मनमिळाऊ कोण?" आणि पाठोपाठ पातेल्यावर पळी आपटल्याचा. त्यानंतर जे चमचे वाजले, त्यात एका वाटीला पोचा आला. पुटपुट्या टेबलाखाली गेला होता. तो वाटाणे गोळा करत होता असं त्याने नंतर सांगितलं.

रविवारी बाई नवा कागद घेऊन बसल्या. या वेळी कोणी हसायचं नाही अशी तंबी आधीच दिली होती.

"'शिक्षणाचं माझं स्वप्न परिस्थितीमुळे अपुरं राहिलं...'"

टिंग, टिंग, टिंग.

"का? हे काय वाईट आहे?" बाई चिडल्या. "माझ्या वयाच्या बाईचं स्वप्न अपुरंच असतं."

"म्हणूनच वाजवला," वकील म्हणाली. "तुमच्या वयाची कोणतीही बाई हे लिहील. तुमचाच नियम आहे, बाई. फक्त 'मुलगा'च्या जागी 'बाई' घातलं."

तेवढ्यात थोरली हात पुसत बाहेर आली. "कसली परिस्थिती गं? बाबा म्हणत होते, कॉलेजात जा. फी भरायलाही तयार होते. तूच म्हणालीस, मला टायपिंगचं मशीन आवडतं, ओळ संपली की त्याची घंटी वाजते."

"घंटी?" पुटपुट्याने कॉलरला विचारलं.

"छान वाजायची," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला कोणी अडवलंच नाही?" वकिलीला फेफरं यायचं बाकी होतं.

"नाही ना! हीच तर पंचाईत. कोणीतरी अडवलं असतं तर एव्हाना निबंध झाला असता."

हसून हसून एका मुलीला उचकी लागली. थोरलीने तिच्या पाठीवर दिलेली थाप शिंप्यापर्यंत ऐकू गेली असावी. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली, ती आणखी दुमडली आणि वाटीखाली ठेवली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुमचे निबंध महत्त्वाचे आहेत. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

हे वाक्य या टेबलावर प्रत्येक मुलाने म्हटलेलं आहे. त्यामुळे पुढे काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. वकील उठली आणि बाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"उठा. ही बोलतं करणाऱ्याची खुर्ची आहे. तुम्ही तिकडे."

बाई मुकाट्याने मुलांच्या बाजूला जाऊन बसल्या. पुटपुट्याने शेंगांचा सगळा ढीग त्यांच्यापुढे लोटला.

"हात चालू ठेवा," वकील म्हणाली. "भूगर्भशास्त्रच का? भरतकाम का नाही?"

"भरतकाम येतं मला."

"मग?"

बाईंनी दोन शेंगा सोलल्या. तिसरीत कीड निघाली, ती बाजूला ठेवली. मग सांगायला लागल्या.

गेल्या वर्षी एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, की शाळेच्या दगडी जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीत शंख आहेत. खरे शंख, समुद्रातले, दगड झालेले. बाईंनी ताबडतोब चमचा वाजवला होता. त्या जिन्याने त्या रोज चढल्या-उतरल्या होत्या. तिथे शंख असता तर त्यांना दिसला नसता?

"मुलगी म्हणाली, जाऊन बघा."

"मग काय झालं?"

"गेले. निवृत्त माणसाला शाळेत कोण अडवतंय? बॅटरी घेऊन गेले आणि तिसऱ्या पायरीवर गुडघे टेकले. नीट दिसेना म्हणून हातही टेकले. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली."

"अरे बापरे."

"अख्खी शाळा खाली आली. मी पायरीवर रांगतेय. मुख्याध्यापक वरून ओरडले, 'बाई पडल्या! उचला!' चार मुलांनी उचललं. मी म्हणतेय, अरे, मला शंख बघू द्या, तर ते म्हणाले, 'भ्रमात बोलतायत, लवकर न्या.' आजारी मुलांच्या खोलीत नेऊन आडवं केलं. पीटीच्या सरांनी डोक्यावर पाणी ओतलं. तांब्याभर!"

"आणि मला फोन," थोरली म्हणाली. "बहीण जिन्यात कोसळली म्हणून. मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन रिक्षाने गेले. बघते तर ही ओलीचिंब, आणि मला म्हणते, ताई, तुझ्याकडे भिंग आहे का?"

आता हसण्याला धरबंध राहिला नव्हता. पण वकील बाईंच्या खुर्चीत बसली होती आणि तिला त्या खुर्चीची जबाबदारी कळत होती. डोळे पुसून तिने विचारलं, "मग काय झालं?"

"मग रविवारी परत गेले. शाळा बंद. पहारेकऱ्याला सांगितलं, पडले तर उचलू नकोस." बाईंचे हात थांबले नव्हते. "आणि होते. नाण्याएवढा एक, आत वळत गेलेला, मधोमध कापला गेलेला. शेजारी दोन लहान. पायरी घासून गुळगुळीत झाली होती, म्हणून तर दिसत होते. घासलं कोणी? आम्हीच. माझ्याही चपला त्यात. अख्खा समुद्र होता तिथे आणि मी वर्षानुवर्षं त्यावरून फायली घेऊन जातेय."

"मग?"

"मग हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं मग? दगड आहे तो."

"आहेच," थोरली म्हणाली.

"मग?"

"मग मला राग आला."

"मावशींचा?"

"समुद्राचा! इथे होता तर गेला कुठे? आणि मला कोणी सांगितलं कसं नाही? ती पोरगी सतरा वर्षांची, तिला माहीत. मला नाही. लायब्ररीतून पुस्तक आणलं, पहिल्या पानावर सात शब्द अडले. दुसरं आणलं, त्यात नऊ. एकटीने नाही व्हायचं हे. वर्गात बसून, हात वर करून विचारावं लागणार."

कोणी चमचा उचलला नव्हता. पुटपुट्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला.

"हे लिहा."

बाईंनी लिहिलं. मंगळवारी वाचलं. पाण्याचा तांब्या, भिंग, समुद्राचा राग, सगळं होतं. चमचे खालीच राहिले. बुधवारी सकाळी कॉम्प्युटरवरून अर्ज धाडला. बटण दाबल्यावर काहीच वाजत नाही, म्हणून बाईंनी ते तीनदा दाबलं. तासाभराने कॉलेजच्या कचेरीतून कारकुनाचा फोन आला.

"एकाच नावाच्या, एकाच पत्त्यावरच्या तीन अर्जदार आहेत. तुम्ही किती जणी आहात?"

"एकच. पण फार इच्छुक."

मुलाखतीला बोलावणं आलं. सोबत थोरली जाणार होती, पण त्या दिवशी तिची दाढ दुखत होती, म्हणून वकील आणि पुटपुट्या गेले. ते बाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे पुढचा सगळा तपशील त्यांच्याकडून मिळालेला आहे आणि दोघांचं म्हणणं जुळतं.

आत विभागप्रमुख होते, एक तरुण प्राध्यापिका होती आणि भिंतीला लागून काचेच्या कपाटात दगड. बाई बसल्या. चहा आला, कपबशी आणि चमचा. विभागप्रमुखांनी हात जुळवून सुरुवात केली.

"बाई, आपलं कौतुक वाटतं. ज्ञानाला वयाचं बंधन नसतं. शिक्षण हा आयुष्यभराचा प्रवास..."

टिंग.

बाहेरच्या बाकावर वकिलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "गेलं," ती म्हणाली. "सगळं गेलं."

आत बाई हातातल्या चमच्याकडे बघत होत्या. कपावर तो कधी आपटला हे त्यांनाच कळलं नव्हतं. सवयीचा हात, आणि वाक्य ओळखीचं.

"काय झालं?" विभागप्रमुखांनी विचारलं.

सारवासारव करता आली असती. चमचा निसटला म्हणता आलं असतं. बाईंनी जे होतं ते सांगितलं: घरचं टेबल, शेंगा, वाट्या आणि कुठलं वाक्य आलं की काय वाजतं. सांगून झाल्यावर "माफ करा" म्हणाल्या. तरुण प्राध्यापिकेने रुमालात तोंड खुपसलं. विभागप्रमुखांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरं," ते म्हणाले. "मग माझंच असलेलं वाक्य सांगतो. तुमच्यासारखे दोघं मागे घेतले होते. पहिल्याच डोंगरावर दम लागला, दुसऱ्या आठवड्यापासून आले नाहीत. दोन्ही जागा वाया गेल्या. तुम्हीही तसंच कराल अशी मला भीती वाटते."

"हे कसं बोललात!" बाई खूश होऊन म्हणाल्या. चमचा त्यांनी बशीत पालथा ठेवला. "मी तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. डोंगर किती मजली असतो?"

"पन्नास-साठ धरा."

"वर चहा मिळतो?"

"नाही."

"मग थर्मास न्यावा लागेल."

"आणि रसायनशास्त्र? शाळा सोडून तुम्हाला चाळीस वर्षं झाली."

"पहिल्यांदा नापास होईन बहुतेक. मग परत बसेन. मला घाई कसली आहे?"

विभागप्रमुखांनी कपाटातून एक दगड काढून समोर ठेवला. काय दिसतं सांगा, म्हणाले. बाईंनी तो उलटापालटा केला, उजेडात धरला, वास घेतला. "काही कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण हे पट्टे सगळे सरळ आहेत आणि हा एकच वाकडा का?" विभागप्रमुखांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. मग ते फळ्यापाशी गेले. दगडाचा एकेक थर काढत ते काळात इतके मागे गेले, की पुढच्या उमेदवाराला कारकुनाने दोनदा आत पाठवलं आणि दोनदा तो बाहेर आला.

"काय म्हणाले?" बाई बाहेर आल्यावर वकिलीने दंड धरला.

"वाकडा पट्टा दाबामुळे."

"प्रवेशाचं, बाई! प्रवेशाचं!"

"ते होय. कळवू म्हणाले."

त्यानंतरचे दिवस घरात कोणाचं लक्ष कशात नव्हतं. मुलांचे निबंध वाचले जायचे, पण चमचे भलत्याच ठिकाणी वाजायचे. वकिलीने विभागप्रमुखांच्या कानाच्या रंगावरून निकाल काय असेल यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केले. थोरलीचं म्हणणं होतं की नाही घेणार. "मी असते तर घेतलं नसतं. मुलाखतीत कप वाजवते म्हणजे काय!" आणि दर तासाला तीच विचारायची, "आलं का गं काही?"

आलं ते भर दुपारी, टेबल भरलेलं असताना. बाईंनी फोन वकिलीच्या हातात दिला. स्वतः वाचायची हिंमत नव्हती. वकील वाचू लागली, मध्येच थांबली आणि खुर्चीवर उभी राहिली. एवढ्यावरून सगळ्यांना कळलं. वाटाणे छतापर्यंत उडाले. पुटपुट्या अशा आवाजात किंचाळला, की तो त्याचाच आवाज आहे यावर आजही काहींचा विश्वास नाही. बाई मात्र बसून राहिल्या. "घेतलं? मला? नीट वाच, तीन अर्ज होते, कोणत्या मला घेतलंय?"

"खाली एक अट आहे," वकील म्हणाली. सगळे थांबले. "पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं डोंगरात आठवडाभर शिबिर. त्यासाठी पालकाची सही लागेल. सही नसेल तर प्रवेश पक्का होणार नाही."

वकिलीने तिथल्या तिथे कचेरीत फोन लावला. विद्यार्थिनी साठ वर्षांची आहे, हे तिने कायद्याच्या भाषेत समजावून सांगितलं. कारकून म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा, रकाना रिकामा राहिला तर मशीन फॉर्म घेत नाही. पुटपुट्या कोपऱ्यावरच्या दुकानातून फॉर्म छापून घेऊन आला.

टेबलावरच्या सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे थोरली उभी होती. ती सावकाश आली, चष्मा शोधला, खुर्ची ओढून बसली आणि वॉर्डमधल्या रुग्णाचा कागद वाचावा तसा फॉर्म वाचायला लागली.

"'माझा पाल्य,'" तिने मोठ्याने वाचलं आणि धाकटीकडे बघितलं. "पाल्य!"

"ताई, सही कर."

"थांब. घाईत सही करत नसते मी. झोपायला काय आहे?"

"तंबू."

"गरम पाणी?"

"माहीत नाही."

"सोबत डॉक्टर?"

"ताई!"

"नर्स तरी?" थोरलीने पेनचं टोपण काढलं, सही केली, खाली तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. फॉर्म मात्र सोडला नाही. तो उलटून तिने मागची बाजूही बघितली, तिथे काही नव्हतं. मग कोणाकडेही न बघता ती वकिलीला म्हणाली, "त्या माणसाला परत फोन लाव. विचार, पालक सोबत आले तर चालतं का?"

वकिलीने फोन लावला आणि विचारलं. तिकडे बराच वेळ कागदांची सळसळ ऐकू आली. मग कारकुनाने विचारलं, "पालकांचं वय?"